उजव्या कानाच्या वर

"आई, आज प्रार्थना राहिली का?"

"राहिली नाही. केली नाही," आई म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

आईच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. डोक्यातून, उजव्या कानाच्या वरून, लिंबाएवढी गाठ निघाली होती. बोलणं, चालणं, शेजारणीची नक्कल करणं, सगळं जागेवर आलं. गेली ती फक्त खिडकीजवळच्या खुर्चीतली सकाळची अर्ध्या तासाची प्रार्थना.

तिचा मुलगा इस्पितळात मेंदूचे आलेख काढायचा. लोकांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि उमटणाऱ्या लाटा बघत बसायचं, याला वीस वर्षं झाली होती. माणूस म्हणजे मेंदू, बाकी काही नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. आईलाही सोडायचा नाही. "तुझा देव उजव्या कानाच्या वर राहतो बघ." आई हसायची. "तुझ्या डोक्यात जागा मिळाली नसेल, म्हणून आला माझ्याकडे."

वडील गेले तेव्हा मात्र त्याने हद्द केली. "वरून बघताहेत ते," असं आई भेटायला आलेल्यांना सांगत होती. हा सगळ्यांदेखत म्हणाला, "वर कुणी नाही, आई. मेंदू बंद पडला की माणूस संपला." आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या सकाळी प्रार्थनेत तिने त्याचं नाव नेहमीसारखं घेतलं, ते त्याने दाराआडून ऐकलं. माफी मागायची राहूनच गेली.

काल तो डॉक्टरांना विचारून आला होता. "गाठीबरोबर आजूबाजूचा थोडा भाग काढावा लागला. होतं असं कधी कधी," एवढंच ते म्हणाले. म्हणजे त्याचंच खरं ठरलं होतं. आपलं खरं ठरल्याचं इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

"शब्द आठवत नाहीत का? मी सांगू?"

"शब्द पाठ आहेत रे. पण म्हणायला बसलं की रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं होतं. पूर्वी कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं."

"वाईट वाटतं?"

"तेच तर, वाटत नाही." मग भाजीचं विचारावं तसं तिने विचारलं, "म्हणजे तुझे बाबा नाहीतच ना कुठे? तू म्हणायचास तसं?"

"आहेत, आई. वर आहेत."

आईने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात थोपटला.

"तुला बरं वाटत असेल, तर असू दे," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.