गळ्याशी अडलेला ब

एकतीस वर्षं मी माणसांच्या गळ्यात नाहीतर कपाटात पडून आहे आणि इतक्या वर्षांत चकार शब्द काढलेला नाही. गळ्यात राहणाऱ्यानं ऐकावं, बोलू नये, असा आमचा शिरस्ता. आज तो मोडतो. मी टाय. गडद निळा, मोहरीच्या रंगाच्या तिरक्या पट्ट्यांचा. आणि दुकानातून आलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला वर्लानं शिवलं, युटामधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात. तिचा भाऊ रॉजर बिट्नर एकोणीस वर्षांचा झाला होता आणि आमच्या ख्रिस्ती पंथाच्या रीतीप्रमाणे दोन वर्षं घर सोडून मिशनरी म्हणून, दारोदार धर्म सांगायला निघाला होता. गावातल्या बाकीच्या मुलांच्या बॅगेत दुकानचे सहा-सहा टाय होते. वर्ला म्हणाली, "माझ्या भावाकडे एक तरी माणसाच्या हातचा असू दे." खिडकीच्या पडद्याचं कापड उरलं होतं. पहिल्यांदा तिनं ते सरळ कापलं, तर गाठच बसेना. मग उरलेल्या तुकड्यातून उरेब कापलं, आत अस्तर घातलं, आणि मी झालो. दोन बोटं जास्तच रुंद झालो, पण गाठ अशी बसते की बघत राहावं.

रॉजरबरोबर मी ओहायो पाहिलं. दोन वर्षांत माझ्यावर सूप सांडलं आणि एका दारात कुत्र्यानं माझं टोक चावलं. ती खूण अजून आहे आणि मी ती मिरवतो. मग रॉजर घरी परतला, लग्न केलं, दोनेक वर्षांत रुंद टायची चाल गेली आणि मी कपाटात गेलो. सव्वीस वर्षं एका पट्ट्याच्या शेजारी लोंबकळत काढली. त्याबद्दल फार बोलत नाही.

मग एक दिवस कपाट उघडलं आणि रॉजरनं मला त्याच्या मुलाच्या गळ्यात बांधलं. मुलाचं नाव लेलँड. नावाची काळी पट्टी छातीवर लागली आणि तो एल्डर बिट्नर झाला. एल्डर म्हणजे थोरला. हनुवटीवर धड चार केस नाहीत, पण आमच्यात अशा पोरालाही त्या दोन वर्षांत सगळे थोरला म्हणतात. खोलीत दोघंच असले आणि मोज्यांवरून भांडत असले तरी एकमेकांना एल्डरच म्हणायचं.

त्या पहिल्याच दिवशी मला कळलं की हा गळा वेगळा आहे. लेलँड ब वर अडतो. बाकीचे शब्द येतात, पण ब आला की त्याच्या गळ्यातला उंचवटा वर चढतो, माझ्या गाठीला टेकतो आणि तिथंच थांबतो. बाहेरून लोकांना फक्त उघडं तोंड दिसतं. आत केवढी झटापट चालते ती मला ठाऊक. त्यात आडनाव बिट्नर, आणि कामाचा मुख्य शब्द बाप्तिस्मा, म्हणजे माणसाला पाण्यात बुडवून पंथात घेणं.

आता त्या आठवड्याचं सांगतो. आम्ही नेवाडात होतो, ड्राय फोर्क नावाच्या गावात. गवताची शेतं, गुरं, आणि आमच्या प्रार्थनाघरात रविवारी जेमतेम चाळीस माणसं. लेलँडला घर सोडून सात महिने झाले होते. जोडीदार होता एल्डर मोआला, मूळचा टोंगा बेटांवरच्या घरातला, दाराएवढा रुंद आणि तोंडानं गोड. मिशनऱ्यानं जोडीदाराच्या नजरेआड जायचं नाही असा नियम, त्यामुळे मोआला कायम तिथं. आणि लेलँड कुठं अडला की तो शब्द मोआला पुरा करायचा. प्रेमानंच. पण प्रत्येक वेळी मला गळा आत गेलेला जाणवायचा.

सोमवार म्हणजे कपडे धुण्याचा आणि घरी बोलण्याचा वार. मी खुर्चीच्या पाठीवर होतो. फोनच्या पडद्यावर रॉजर दिसला. टक्कल पडलंय त्याला. लेलँड म्हणाला, "डॅड, मला परत यायचंय. माझा इथं काही उपयोग नाही. सगळं मोआलाच सांगतो. मी नुसता त्याच्या ब... ब..."

"बरोबर फिरतो," रॉजर म्हणाला.

"पाहा! तुम्हीपण तेच करता!"

रॉजर म्हणाला, "एक आठवडा थांब. पुढच्या सोमवारी हेच म्हणालास तर मी स्वतः गाडी घेऊन येतो. एक शब्द विचारणार नाही. तुझ्या आईलाही विचारू देणार नाही."

अर्ध्यात परत आलेल्या मुलाकडे आमच्या गावात लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. कुणी वाईट बोलत नाही. सगळे जरा जास्तच चांगलं वागतात. मी खुर्चीवर लटकून राहिलो आणि मनात म्हटलं, आता मला पुन्हा तो पट्टा शेजारी.

मंगळवारी चौदा दारं वाजवली. एका बाईनं दार उघडलं, हाताला पीठ. लेलँडनं सुरुवात केली आणि अडला. "अरे बोल की लवकर, माझा केक जळेल," बाई म्हणाली. मोआलानं वाक्य पुरं केलं. बाई त्याच्याकडे बघून हसली, पुस्तकही घेतलं. परतताना लेलँड मोआलाच्या पुढं सायकल दामटत राहिला.

बुधवारी आम्ही स्लिमकडे गेलो. स्लिम सत्त्याहत्तर वर्षांचा, सहा फूट चार इंच उंच, आयुष्य घोडे शिकवण्यात गेलेलं. चार महिने आम्ही त्याच्याकडे जात होतो. आमच्यात सिगारेट आणि कॉफी दोन्ही वर्ज्य; सिगारेट त्यानं हसत सोडली, कॉफी मात्र रडत सोडली. किटलीत आता खिळे ठेवतो. त्या दिवशी तो म्हणाला, "ठरलं. शनिवारी पाण्यात उतरतो."

मोआलानं टाळीच वाजवली. "छान! मी तुम्हाला..."

"तू नाही, जाड्या. हा." त्यानं लेलँडकडे बोट केलं.

"मी? पण मोआला किती चांगलं ब... ब..."

मोआलानं तोंड उघडलं. स्लिमनं हात वर केला, घोड्याला थांबवतात तसा. "होऽ. त्याचा शब्द आहे, त्याला आणू दे."

आणि आम्ही सगळे थांबलो. चुलीवरचं पाणी उकळलं. "बोलतो," लेलँड म्हणाला.

"बोलतो खरा," स्लिम म्हणाला. "इतकं गोड बोलतो की मी ऐकतो आणि विसरतो. तुझ्या एका शब्दासाठी मला थांबावं लागतं. थांबलो की विचार होतो. चार महिन्यांत जो काही विचार केला तो तुझ्यामुळे. आता जा, मला म्हशीसारखं झोपायचंय."

परतताना लेलँड सायकलवर गाणं म्हणत होता. गाताना तो कधीच अडत नाही.

गुरुवारी ते गाणं बंद पडलं. बाप्तिस्म्याचा अर्ज भरायला आमच्या शाखेचे अध्यक्ष क्रॉस्बी आले. पेशानं गुरांचे डॉक्टर. अर्जावर पूर्ण नाव हवं. सगळं गाव ज्याला स्लिम म्हणतं, त्या माणसानं खिशातून गाडी चालवायचा परवाना काढला आणि टेबलावर ठेवला. बर्ट्रम बेनेडिक्ट बॉसवेल.

मोआला हसू दाबता दाबता खोकला. लेलँडचा गळा माझ्यात दगड होऊन बसला.

"नुसतं स्लिम म्हटलं तर?" त्यानं विचारलं.

"नाही चालत, एल्डर," क्रॉस्बी म्हणाले. "पूर्ण नाव, मग ठरलेलं वाक्य, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. अडलं तर अडू दे, पण गाळायचं नाही. आणि माणूस सगळाच्या सगळा पाण्याखाली गेला पाहिजे. एखादं बोट जरी वर राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून."

"साक्षीदार कोण?"

"एक मी. दुसऱ्या सिस्टर हॅम्ब्लिन."

आमच्यात प्रत्येक सभासद बाईला सिस्टर म्हणतात; या सिस्टर हॅम्ब्लिन प्रार्थनाघरात पियानो वाजवतात, वय अठ्ठ्याहत्तर. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दिवसापासून गावात कुणाचंच काही लपत नव्हतं. शुक्रवारी जेवायला आम्ही त्यांच्याकडेच होतो. बटाट्याचं कॅसरोल, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "एल्डर, मला सगळं दिसतं हं आता."

जेवून आल्यावर मोआला गादीवर उभा राहिला. "मी स्लिम. बुडव मला." लेलँडनं त्याला मागे कलंडवलं आणि दोघं मिळून पलंगासकट जमिनीवर गेले. इतके हसले की खालच्या मजल्यावरून काठी ठोकली कुणीतरी. मग पडल्या पडल्याच मोआला म्हणाला, "एल्डर, मी तुझी वाक्यं पुरी करायचो ना. मला वाटायचं मदत करतोय. सॉरी."

लेलँड छताकडे बघत राहिला. "माहितीय," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पलंगाचं तू सांग घरमालकाला."

आणि शनिवार उजाडला. सकाळपासून प्रार्थनाघरातल्या बाप्तिस्म्याच्या हौदात पाणी भरत होतं. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की ते वाक्य ज्या गळ्यातून येणार त्याच्याभोवती मी असणार. एकतीस वर्षांचं सार्थक. आणि कपडे बदलायच्या खोलीत लेलँडनं मला सोडलं आणि खुंटीला अडकवलं. पाण्यात उतरणाऱ्यानं नखशिखान्त पांढरं घालायचं असतं. हे मी विसरलोच होतो. रॉजरच्या वेळीही मी खुंटीवरच होतो.

पण दार नीट लागत नव्हतं. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. पाणी हललं. लोकांची कुजबुज थांबली. लेलँडचा उजवा हात वर गेला असणार, शपथ घेताना जातो तसा.

"ब..."

मग काहीच नाही. त्या खुंटीवर मला पहिल्यांदाच कळलं, की बाहेरच्या माणसाला ही शांतता किती लांब वाटते. कुणीतरी खोकलं. एक लहान मूल म्हणालं, "आई, तो विसरला का?" पण मोआला गप्प राहिला. मला त्या पोराचाही अभिमान वाटला.

"...बर्ट्रम. ब... ब... बेनेडिक्ट. ब... बॉसवेल." आणि मग पुढचं सगळं वाक्य, शेवटच्या शब्दापर्यंत. धबाक. पाणी माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं.

"अंगठा!" सिस्टर हॅम्ब्लिनचा आवाज. "डाव्या पायाचा!"

लोक हळहळले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीन ब. पुन्हा धबाक.

"गुडघा!"

"अहो सिस्टर," क्रॉस्बी म्हणाले.

"अहो काय? गुडघा तो गुडघा. मला दिसला."

सहा फूट चार इंचांचा माणूस आणि एवढासा हौद. मी खुंटीवर वळवळत होतो. ज्या वाक्याच्या भीतीनं पोरगा घरी निघाला होता, ते त्याला तिसऱ्यांदा म्हणायचं होतं. त्यानं सुरुवात केली. बर्ट्रम आलं. आणि बेनेडिक्टवर तो असा अडला की मला वाटलं, संपलं.

तेव्हा पाण्यातून स्लिमचा आवाज आला. "सावकाश, पोरा. पाणी गरम आहे. मला कुठं जायचंय?"

आधी मोआला हसला, मग सिस्टर हॅम्ब्लिन, मग सगळं प्रार्थनाघर. आणि त्या हसण्यात लेलँडचं हसू मी ओळखलं. हसू ओसरल्यावर तो पुन्हा अडला, पण आता घाई नव्हती. त्यानं बेनेडिक्ट आणलं, बॉसवेल आणलं, एकेक शब्द नीट ठेवला. "गुडघे वाकवा," हळूच म्हणाला. धबाक.

शांतता.

"गेला," सिस्टर हॅम्ब्लिन म्हणाल्या. "सगळा गेला!" आणि त्यांनीच पहिल्यांदा रडायला सुरुवात केली.

लेलँड ओल्या पावलांनी खोलीत आला. मला हातात घेतलं आणि चेहरा माझ्यात दाबला. पाणी टिपलं की डोळे, ते सांगणार नाही. मी त्याच्या गळ्यात बसलो तेव्हा तो गळा सैल होता. सात महिन्यांत पहिल्यांदा.

रविवारी सभेत स्लिमच्या डोक्यावर हात ठेवून त्याला सभासद करून घ्यायचं होतं. तो आला इस्त्रीच्या सदऱ्यात, पण गळ्याशी सेफ्टी पिन. आयुष्यात टाय कधी घेतलाच नव्हता. लेलँडनं एक क्षण विचार केला, मला सोडवलं आणि त्याच्या गळ्यात बांधलं. स्वतः मोआलाचा जास्वंदीच्या फुलांचा टाय घालून बसला, एकदम भयंकर दिसत होता. सभा संपल्यावर स्लिम मला सोडायला लागला तर लेलँड म्हणाला, "राहू द्या. तुमचाच आहे."

म्हणून आता मी स्लिमच्या घरी राहतो, त्याच्या टोपीशेजारच्या खिळ्यावर. हा खिळा किटलीतूनच काढलेला.

काल सोमवारी दोघं लाकडं रचायला आले होते. लेलँडनं इथूनच घरी फोन लावला. रॉजर म्हणाला, "टाकी भरून ठेवलीय गाडीची. तू सांग."

"डॅड, आधी एक. तुमचा टाय मी देऊन टाकला."

"कुणाला?"

फोन स्लिमकडे वळला, मग माझ्याकडे. रॉजरनं मला ओळखलं. "वर्लाला सांगतो," म्हणाला. "खूश होईल. आणि गाडीचं?"

"गाडी नको. नुसते ब... ब..."

मोआला लाकूड हातात धरून उभा राहिला. स्लिम खुर्चीत मागे टेकला. आणि तिकडे युटात, टक्कल पडलेल्या रॉजरचे ओठ हलले, पण त्यानं ते मिटून घेतले. बापानं वाट पाहिली.

"...बूट पाठवा. हे झिजलेत."

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यासमोर कुणी शब्दाशी झटत असेल तर तो हिसकावून घेऊ नका. थांबा. पाणी गरम आहे. बरं, येतो आता. रविवारी दहाला सभा आहे आणि स्लिमला अजून गाठ मारता येत नाही, त्याला शिकवायचंय.