रिकाम्या घागरीचं ओझं

मी घागर बोलतेय. पितळेची आहे, पण जन्मापासून गळकी. उदगीरच्या तांबटाचा एक ठोका बुडाशी जोरात बसला आणि पाणी भरायचं माझं नशीब तिथंच संपलं. नाटक कंपनीचे मालक वीरण्णा मला उलटीपालटी करून म्हणाले, "चालतंय की. नाटकात कुठं पाणी भरायचंय?" मला फार राग आला होता.

राग घालवला तो कंपनीतल्या नटी शिवम्मांनी. त्या लातूरच्या व्यापाऱ्याची लेक. नाटकात गेल्या म्हणून माहेरचं दार त्यांना बंद झालं होतं. शेवटच्या अंकात त्या मला चुंबळीवर घेऊन विहिरीवरून यायच्या. मी रिकामीच असायची. पण त्यांची मान ताठ व्हायची, पावलं जड पडायची, न सांडलेले थेंब त्या पदरानं पुसायच्या. लोक श्वास रोखून बघायचे. खरं सांगते, कधीकधी मलाही मी भरलेली वाटायची. याच प्रवेशानं त्यांचं नाव झालं, सिनेमावाले शोधत आले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. उमरीकडच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या मजुरांपुढे आमचा खेळ होता. ऊन उतरलं तेव्हा पडदा वर गेला. दोन दिवस टँकर आला नव्हता.

खेळ संपल्यावर एक बाई तांब्या घेऊन मागच्या बाजूला आल्या. धुरपताबाई त्यांचं नाव.

"माय, सासू तापानं फणफणून राहिली. घागरीतलं घोटभर द्या."

शिवम्मांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "रिकामी हाय गं ही."

"आत्ता तर भरलेली होती! म्या बघितली की!"

धुरपताबाईंनी माझ्यात कोपरापर्यंत हात घातला. कोरडा हात बाहेर काढून त्या रिकामा तांब्या घेऊन निघून गेल्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सकाळी शिवम्मा पाणी मिळवून त्यांना शोधत गेल्या. मजुरांची ती टोळी दुसऱ्या कामावर हलवली होती. सासूचं काय झालं, कळलं नाही. त्याच आठवड्यात शिवम्मांनी तांबटाकडून माझं भोक झाळून बुजवून घेतलं. त्यानंतर त्यांनी मला रिकामी कधीच डोक्यावर घेतली नाही. सिनेमाचे दिग्दर्शक वैतागायचे, "बाई, कॅमेऱ्याला काय कळतंय?" त्या म्हणायच्या, "तहानलेल्याला कळतंय."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. त्यानिमित्त शिवम्मांचा मोठा सत्कार ठेवला होता. ज्या गावानं दार लावलं, त्याच गावात त्यांनी तो प्रवेश केला. साठीला आलेल्या बाई, आणि मी काठोकाठ भरलेली. त्यांची मान थरथरत होती. पहिल्या रांगेतले जुने नाटकवेडे माणिकप्पा शेजाऱ्याला म्हणाले, "पहिल्यासारखं वजन दिसंना बाईच्या चालीत."

शिवम्मांनी ऐकलं. मला घेऊन त्या पायऱ्या उतरल्या आणि विचारलं, "पाणी पाहिजे का कुणाला?"

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी कुणीच प्यायलं नाही.

आता शिवम्मा नाहीत. मी एका सभागृहात काचेच्या कपाटात आहे, आतून कोरडी. बाहेर पाटी आहे, 'हात लावू नये.'

माझं एवढंच मागणं आहे. मी आता गळत नाही. मला भरून दाराशी ठेवा. कधी धुरपताबाई तांब्या घेऊन आल्या, तर त्यांचा हात पुन्हा कोरडा निघू देऊ नका.