अर्ध्या फेरीची मशाल

मी मशाल बोलतेय. अर्धी जळलेली आहे, पण गोष्ट अख्खी सांगणार आहे.

मूळची मी पाइनची फळी. टाइल्सच्या थप्पीखाली दबून दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बांधकामाच्या साइटवर आले. टाइल्स उतरवल्या आणि माझी रवानगी कचऱ्यात झाली. माझ्या अंगाला राळेचा छान वास आहे, पण तिथे त्याचं कौतुक कुणाला?

ते मुगा नावाच्या सुताराला होतं. हा चीनमधल्या युनानच्या डोंगरातला, यी जमातीचा. त्याने मला उचललं, हुंगलं; त्याच्या गावच्या मशालीही पाइनच्याच. त्यांच्याकडे सहाव्या महिन्यात, आपल्या आषाढाच्या आसपास, मशालींचा सण असतो. घरातला कर्ता पुरुष पेटती मशाल घेऊन घराभोवती फेरी मारतो. किडे, रोगराई, उपासमार, सगळ्यांना हुसकावतो.

मुगाने माझ्या चिपा काढल्या. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात त्याच्या वरच्या पलंगावर झोपणारा रामेश्वर चिपळूणकडचा, साइटवर सळ्या बांधणारा. त्याने त्या तारेने आवळल्या आणि मी मशाल झाले. माणूस हाताचा चोख, तोंडाचा सैल.

"अरे, आमचा शिमगा केव्हाच झाला. तुझा आत्ता कशाला?" त्याने हिंदीत विचारलं.

मुगा खाली बघत म्हणाला, "बाप खलास. अभी मैं घूमना."

चैत्रात वडील गेले, सुट्टी मिळाली नाही. गावी म्हातारी आई एकटी. तिने फोनवर एवढंच मागितलं होतं, की तू आहेस तिथे फेरी मार, पण अर्ध्यात सोडू नकोस. फेरी मोडली तर वर्षभर तिच्या जिवाला घोर लागणार होता. हे ऐकून रामेश्वर थेट वॉचमनकडे गेला.

वॉचमन हनीफभाई दापोलीचे. "आग म्हणजे नोकरीवर पाणी, रामेश्वर," ते म्हणाले. "पण बापाचं काम आहे ना? मगरिबच्या नमाजानंतर दहा मिनिटं. खोल्यांच्या रांगेपासून लांबून फिरा. आणि आवाज नको. यल्ला, चला."

संध्याकाळी मुगाने मला पेटवलं. काय सांगू, जन्माचं सार्थक झालं! मुगा पुटपुटत निघाला. रामेश्वर मागून चालत होता. चार वर्षांत त्याने होळी पाहिली नव्हती. अर्धी रांग ओलांडली, वाऱ्याने मी भडकले, आणि त्याचा हात आपसूक तोंडाकडे गेला. त्याने शिमग्यातली अस्सल कोकणी बोंब ठोकली.

होळीपुढची बोंब कॅम्पात कुणाला कळणार? आग लागली समजून माणसं बादल्या घेऊन धावली. कुणी बनियनवर, कुणी साबण लावलेल्या अंगाने. पहिल्याच बादलीत मी विझले.

मुगाने मला पुन्हा पेटवायला काडेपेटी काढली. रामेश्वरला तोंड लपवायला जागा नव्हती. "माझ्यामुळे झालं," तो जमलेल्यांना म्हणाला, आणि मुगाच्या आईचं मागणं त्याने जसं जमेल तसं हिंदीत सांगितलं. मी चिंब भिजले होते, तीन काड्या फुकट गेल्या.

तेव्हा हनीफभाई म्हणाले, "विझली तर विझली. पाय तर आहेत ना? चल, बेटा."

मुगाने मला तशीच उंच धरली आणि विझल्या जागेपासून चालायला लागला. मागे रामेश्वर, त्याच्यामागे हनीफभाई, आणि मग रिकाम्या बादल्या घेतलेली वीस-बावीस माणसं. कुणाचा सण, कुणाचा बाप, निम्म्यांना ठाऊक नव्हतं. फेरी पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने फोनवर विचारलं, "एकटाच फिरलास का रे?" मुगा तिला मागे चाललेली वीस-बावीस माणसं सांगू लागला. सांगता सांगता रडायला लागला.

पुढच्या वर्षी त्याचा व्हिसा संपला. विमानात मला कोण नेऊ देणार? आता मी रामेश्वरच्या पलंगाच्या पायथ्याशी असते, अंगावर काजळी घेऊन. तक्रार नाही. एकच मागते. परक्या मुलखात कुणाची आग दिसली तर पाणी जरूर ओता, तुमचा धर्मच आहे तो. फक्त ओतून झाल्यावर लगेच माघारी फिरू नका. त्याची किती फेरी राहिली आहे ते विचारा, आणि तेवढी त्याच्यासोबत चाला.