अडतीस मिनिटांची फेरी

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी संगणकावर खाणी चालवते. खाण खरीच असते, राजस्थानात जमिनीखाली. मी तिची नक्कल करते, तिच्यात ट्रक सोडते आणि किती ट्रक लावले तर किती माल वर येतो ते बघते. बसते मात्र तिसगावात, माहेरच्या पडवीत. पुण्याच्या कंपनीला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

या वेळची खाण परकी नव्हती. माझा धाकटा भाऊ बिभीषण तिथंच ट्रक चालवतो. वर्षापूर्वी तो लागला आणि मागोमाग गावातल्या अजिनाथला नि श्रीमंतला घेऊन गेला. तिघंही अजून कायम झालेले नव्हते. खाणीत चौदा ट्रक होते आणि ते पुरतात का, एवढंच मालकाला हवं होतं. ट्रक वाढले तर तिघं कायम होणार होते. कमी झाले तर पहिला नारळ त्यांनाच.

मोजणी सुरू व्हायच्या आधी मी फोनवर बोलून गेले, "बिभ्या, आठ दिवस तुमच्या फेऱ्यांच्या वेळा लिहिणारेत. कागद माझ्याकडंच येणार." माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

कागद आला. बोगद्यात खाली जाऊन, माल भरून वर यायला अडतीस मिनिटं. खाणीच्या शिक्क्यासकट. मी आकडा घातला आणि नक्कल दोनशे वेळा चालवली. दर वेळी उत्तर एकच. अकरा ट्रक बस्स. बारावा लावला की तो नुसता रांगेत उभा.

आई, म्हणजे लंकाबाई, मागं येऊन पडद्यावरचे पळते ठिपके बघत होती. "ह्यातला आपला कंचा गं?" तिनं विचारलं.

मला राग आला. तिचा नव्हे, त्या अडतीसचा. इतक्या अरुंद चढावर अडतीस मिनिटं कशी होतील? मी बिभीषणला फोन लावला.

"येरवी एकुनपन्नास लागत्यात," तो खुशीत म्हणाला. "पन मी समद्यांना सांगितलं, हिशोब माझ्या ताईकडं हाय, तिची मान खाली जायला नगं. आठ दिवस कुनी च्या पेलं न्हाई. इंजिन तापलं तरी थांबलो न्हाई. आता वाढवतील ना ट्रक?"

आम्ही उसाच्या फडात वाढलो. जास्त खेपा मारणाऱ्याला मुकादम पुढच्या हंगामाला आधी बोलावतो, हे आम्हाला अक्षरओळखीआधी कळलेलं. त्यानं तेच केलं होतं. फेरी जितकी लवकर तितके ट्रक कमी लागतात, हे मी त्याला सांगू शकले नाही.

पुण्याच्या साहेबांना मात्र सगळं सांगितलं, भाऊ तिथं आहे हेसुद्धा. परत मोजायला लावा, असं मी म्हणाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "अडतीस मिनिटं खोटी आहेत का?"

"खोटी नाहीत सर. पण रोजची नाहीत."

"आठ दिवस जमलं ना? मग जमतं. खाणवाले तरी दुसरं काय म्हणणार?"

खाणवाल्यांनीही तेच म्हटलं. मी एकदा एकोणपन्नास घालून बघितलं. चौदाच्या चौदा ट्रक कामाला लागले. अर्धा तास त्या पडद्याकडं बघत बसले आणि मग आकडा पुसला. शिक्क्याचा कागद साहेबांकडंही होता. मला रडायला आलं, पण रडून आकडा बदलत नाही. अहवाल गेला.

तीन आठवड्यांनी सकाळी बिभीषणचा फोन आला. मागं स्टेशनचा गलबला होता.

"ताई, आमी तिघं निघालो गावाकडं. अकराच ट्रक ठेवले."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "तू वाईट वाटून घिऊ नगंस. आमीच कमी पडलो. अजिनाथला शेवटाला ताप हुता, त्याच्या दोन फेऱ्या ढिल्या गेल्या. तिथंच घोळ झाला. आमच्यामुळं सायबापुढं तुझी मान खाली गेली."

"नाही रे बिभ्या, तसं नाही..."

"असू दे. पुढं कुठं अशी मोजनी निघाली तर आमाला आधी सांग. ह्या बारीला पस्तीसमधी आनतो."

मी "सांगते" म्हणाले.