दोऱ्याचं दुसरं टोक

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. ज्या खोलीत माझा जन्म झाला, तिच्या दाराबाहेर मी आजवर गेलेलं नाही. पाय मला चांगले सहा आहेत, पण दार लहान आहे.

त्याचं असं झालं. या खोलीत काका आणि काकू नाटकांचे पडदे शिवायचे. एवढं मोठं कापड जमिनीवर पसरून दोघांचे गुडघे आणि कंबर कामातून गेली होती. काकूंचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, सुतार. त्यांनी फळ्या एकेक करून जिन्यावरून वर आणल्या आणि मला इथेच तयार केलं. बहिणीला लागू नये म्हणून माझे कोपरे गोल केले. काम संपल्यावर काका म्हणाले, "जरा बाहेर काढू, खोली झाडून घेऊ." तेव्हा कुठे कळलं. दादांनी खोली मोजली होती, पडदे मोजले होते, बहिणीची उंचीसुद्धा मोजली होती. दार मोजायचं राहिलं होतं.

"तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे!" काका म्हणाले.

"बरंच झालं की," काकू म्हणाल्या. "आता हे कुठे जात नाही आणि मीही कुठे जात नाही. तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

काकूंची जागा खिडकीकडच्या टोकाला, काकांची दाराकडच्या. पडद्यावर लांब सरळ रेघ हवी असली की ते दोरा मारायचे. दोरा खडूच्या पुडीत घोळवायचा. एकाने एक टोक दाबून धरायचं, दुसऱ्याने दुसरं. मग ताणायचा, चिमटीत उचलायचा आणि सोडून द्यायचा. फट्! कापडावर पांढरी रेघ उमटायची. हे काम एकट्याचं नाही. समोर माणूस लागतो.

"ओढा की जरा! जेवला नाहीत का?" काकू म्हणायच्या.

"जोरात ओढलं तर तूच येशील इकडे."

"मग ओढाच."

हे रोज चालायचं आणि रोज दोघं हसायचे. माझ्या अंगावर किती पडदे कापले गेले याची गणती नाही. नाटकवाले यायचे, माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "आमचा रंगमंच एवढा सपाट असता तर नट धडपडले नसते." मला फार बरं वाटायचं.

मग काकू आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत.

काका एकदा एकटेच आले. त्यांनी दोऱ्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दोरा मारला. रेघ सरळच उमटली. पण "ओढा की" असं कोणी म्हटलं नाही. काकांनी कात्री ठेवली, माझ्यावर एक जुना पडदा टाकला आणि दाराला कुलूप लावलं.

पडद्याखाली मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. इमारत बदलत होती. खालच्या गोदामात गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली. समोरच्या बंद छापखान्यात संगणकावर चित्रं हलवणारी मंडळी आली. जिन्यावर दिवसभर पावलं वाजायची. ज्यांना स्टार्टअप म्हणतात ते नवे उद्योग म्हणे शहरभर उभे राहत होते. डोक्यात कल्पना घेऊन माणसं येत होती आणि बसायला जागा शोधत होती.

अशीच एक मुलगी काकांकडे गेली. ती कापडी बाहुल्यांचे चित्रपट करते. काकांनी कुलूप उघडलं, पण एक अट घातली. खिडकीकडच्या टोकाला कोणी बसायचं नाही. का, ते सांगितलं नाही.

मुलीच्या मागोमाग संगणकावरचे खेळ तयार करणारे दोन मित्र आले. पायात दोष असलेल्या मुलांसाठी बूट करणाऱ्या एक ताई आल्या. अंगावरचा पडदा गेला, धूळ पुसली गेली, मी पुन्हा जिवंत झालं. पण अर्धं रिकामं आणि अर्ध्यावर ही गर्दी!

"ताई, तुमचा बूट माझ्या डब्यावर आहे."

"आणि तुझी वायर माझ्या चहात आहे, त्याचं काय?"

शेवटी चौघांनी मिळून काकांना विचारलं. टेबल उभं कापून दोन अरुंद टेबलं केली आणि दोन भिंतींना लावली, तर सगळ्यांना जागा होईल आणि खिडकीजवळची जागा मोकळीच राहील. काकांनी माझ्या गोल कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "कापा."

दादांना निरोप गेला. केस पिकलेले दादा करवत घेऊन जिना चढून आले. "मीच केलं, मीच कापतो," एवढंच म्हणाले. मित्रांनो, मला करवतीची भीती नव्हती. भीती होती ती वेगळीच. माझे दोन तुकडे झाले असते, तर काका-काकूंच्या समोरासमोरच्या जागा उरल्या नसत्या.

कापायचं तर मधोमध सरळ रेघ हवी. काकांनी खणातून दोरा काढला, खडूच्या पुडीत घोळवला, दाराकडचं टोक धरलं आणि सवयीने समोर पाहिलं. खिडकीकडे कोणी नव्हतं. अट त्यांचीच होती, म्हणून कोणी पुढेही होईना.

"मी धरू का, काका?" बाहुल्यांवाली मुलगी म्हणाली.

काकांनी मान हलवली. ती खिडकीकडे गेली, तिने टोक दाबून धरलं.

"ओढा ना काका, ढिला राहिलाय."

काकांचा हात थांबला. मग त्यांनी दोरा ओढला, उचलला आणि सोडला. फट्! माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटली. ती मुलगी उन्हात उभी होती आणि तिच्या हाताला खडू लागला होता.

"तिथे उजेड चांगला येतो," काका म्हणाले. "ती म्हणायची, इथे सुई ओवायला दिवा लागत नाही. तू तिथेच बसत जा."

मग त्यांनी तळहाताने सगळी रेघ पुसून टाकली. अगदी टोकापर्यंत.

"मेहुणेबुवा, करवत ठेवा."

"ठेवलेलीच आहे," दादा म्हणाले. "धारही केली नव्हती तिला."

"आणि या वेळी तरी दार मोजलं होतं का?"

"नाही."

दोघं हसले आणि मग दोघांनीही डोळे पुसले.

आता माझं एकही टोक रिकामं नसतं. काका रोज येतात. बाहुल्यांच्या छोट्या रंगमंचासाठी छोटे पडदे शिवतात. ताईंच्या बुटांना आतलं अस्तर लावून देतात. एखाद्या मित्राचा खेळ चालेनासा झाला की समोरचा डोकं घालतो, कारण तो समोरच असतो. दार मोजायला विसरलेल्या माझ्या सुताराचे मी नुसते मनोमन आभार मानतं असं नाही, ते मोठ्याने मानावेत असंही वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू झाकून ठेवू नका. त्या पुसा आणि वापरा. त्यांच्याजवळ कोणाची तरी जागा असेल, तर ती नव्या माणसाला द्या. आणि दोऱ्याचं एक टोक धरून कोणी एकटं उभं दिसलं, तर कोणी सांगायची वाट पाहू नका. जवळ जा आणि विचारा, "मी धरू का?"