दाराशी उभं राहून म्हणायचं वाक्य

नवं राज्य झालं आणि विनोदिनीबाईंच्या शाळेतून विज्ञान गेलं. मुलींना आता गृहविज्ञान पुरे, असं वरून ठरलं. परीक्षानळ्यांच्या कपाटाला कुलूप लागलं आणि ते जिन्याखाली गेलं. त्याच सुमारास इंग्रजीचे मास्तर नव्या राजधानीला, भोपाळला, बदलून गेले.

"बीएस्सी इंग्रजीतूनच केलंत ना तुम्ही?" मुख्याध्यापिका अनसूयाबाई म्हणाल्या. "मग इंग्रजी घ्या. इन्स्पेक्टर येऊन एक धडा बघणार आहेत. पसंत पडला तर इथेच राहाल. नाही तर विज्ञानाची जागा झाबुव्याला रिकामी आहे."

"झाबुव्याला मी गेले, तर घरी भय्यासाहेबांना कोण बघेल?"

"म्हणूनच सांगते, धडा नीट करा."

भय्यासाहेब म्हणजे विनोदिनीचे सासरे. ग्वाल्हेर दरबारच्या वेळी शिक्षण खात्यात कारकून होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला; घरातल्या घरात भिंतीला हात लावून फिरत. मुलगा वसंत रेल्वेत, रतलामला. तो रविवारी येई आणि रविवारीच परते. माधव नगरातलं ते घर सोडून म्हातारा कुठे जाणार नव्हता, आणि त्याला एकट्याला सोडून विनोदिनी कुठे जाऊ शकत नव्हती. सगळं त्या एका धड्यावर येऊन थांबलं होतं.

संध्याकाळी ती कणीक मळत असली की भय्यासाहेब पाटावर बसून तिची उजळणी घेत.

"काळ बारा. एकेक क्रियापद बाराही काळांतून फिरवायचं. घाण्याचा बैल फिरतो तसं."

"बैल फिरतो, भय्यासाहेब, पण कुठे चाललाय ते त्याला कळत नाही."

"न कळो. तेल तर निघतं ना?"

विनोदिनीला हसू आलं, पण हसायला लागणारं बळ नव्हतं. सकाळचं पाणी, स्वयंपाक, शाळा, संध्याकाळचा स्वयंपाक, आणि वर हे. तिला बारा काळ पाठ होते. वर्गातल्या मुलींनाही होते. गाडी अडायची ती पुढे: बारांतला नेमका कोणता घ्यायचा? ते पाठांतरातून कळत नव्हतं.

शेवटी ती आपल्या मूळच्या वळणावर गेली. तिने वर्गात काचेचा पेला नेला, पाणी आणि साखर नेली. चमचा फिरवायला लागली आणि म्हणाली, "आत्ता काय चाललंय? साखर विरघळतेय. काम चालू आहे." मग चमचा थांबवला. "आता साखर दिसते का?"

"नाही, बहनजी."

"कुठे गेली?"

शोभाने पुढे येऊन घोट घेतला. "है तो इसी में. पाणी गोड लागतंय."

"म्हणजे काम संपलं, पण त्याची खूण अजून पेल्यात आहे. तेव्हा म्हणायचं, 'द शुगर हॅज डिझॉल्व्ड.' आणि काल आईने चहा केला, तुम्ही प्यायलात, भांडी घासून झाली. ती गोष्ट कालच संपली. तिथे 'मेड'. आधी बघायचं, मग काळ निवडायचा."

हे मुलींना पटलं. मग चालू काळासाठी तिने एकेकीला उठवून दारापर्यंत चालायला लावलं. चालता चालता, जे करतो तेच बोलायचं. शोभा धिटाईने दाराशी जाई आणि "आय ॲम गोइंग" म्हणून मागे वळे. वर्ग टाळ्या वाजवी.

तिसऱ्या बाकावरच्या जयूला कधी दाराशी पाठवायची वेळ आली नव्हती. तिला सगळं आधीच येई. आजीजवळ वाढलेली, हळू बोलणारी मुलगी. शाळा सुटली की फळा पुसून ती सगळ्यांच्या मागून निघे. दाराशी थांबून म्हणे, "येते, बाई." विनोदिनी वह्यांतून मान वर न करताच म्हणे, "ये." रोजचंच होतं. त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, विनोदिनीचंही नव्हतं.

इन्स्पेक्टरसाहेब जबलपूरकडचे. त्यांनाही नव्या राज्याने घरापासून लांब आणून टाकलं होतं. सकाळपासून शाळा बघत फिरत होते. खुर्चीत बसताच त्यांनी टेबलाखाली बुटातून टाचा बाहेर काढल्या. साखरेचा धडा मात्र त्यांनी नीट ऐकला, एकदा मानही डोलावली. विनोदिनीने चालू काळ काढला आणि शोभाकडे पाहिलं.

"इसको नहीं," साहेब म्हणाले. "इसे तो रटा होगा. वो, तीसरी बेंच वाली बच्ची."

जयू उठली. दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावला आणि म्हणाली, "आय ॲम कमिंग."

पाठीमागून हसू फुटलं.

"आ रही हो या जा रही हो?"

"जा रही हूँ, साहब."

"तो वही बोलो अंग्रेज़ी में."

जयू विनोदिनीकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, निघताना दारात तसं नाही म्हणत. आजी म्हणते, जाते म्हटलं की माणूस परत येत नाही."

विनोदिनीला हे सांगायला नको होतं. सकाळीच उंबऱ्यावरून तिने भय्यासाहेबांना हाक दिली होती, "येते हो." तिच्या आईनेही जन्मभर 'जाते' म्हटलं नव्हतं. साहेबांना दोन वाक्यांत समजावता आलं असतं. पण ती दोन वाक्यं सबबीसारखी वाटली असती, आणि साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"बहनजी, लड़की को इतना भी नहीं आता?"

"आता है, साहब." ती जयूकडे वळली. "जयू, हे इंग्रजी आहे. इंग्रजीत म्हटल्याने काही होत नाही."

"पण दार तर आपलंच आहे ना, बाई."

या वेळी कुणी हसलं नाही. विनोदिनीला झाबुवा दिसला, मग भिंतीवरून सरकणारा एक हात दिसला.

"म्हण," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला.

जयू चौकटीपासून दोन पावलं आत आली आणि तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले, "दरवाज़े पर, बेटा."

ती परत दाराशी गेली. "आय ॲम गोइंग." उच्चार स्वच्छ, काळ बरोबर.

"शाबाश." पेन कागदावर चाललं.

संध्याकाळी भय्यासाहेब वाट बघत होते. "झालं का पक्कं?"

"झालं. इथेच राहायचं."

"मग आवाज असा का?"

तिने पोळ्या लाटता लाटता जयू दाराशी अडली तिथपर्यंत सांगितलं.

"मग तू काय केलंस?"

"म्हणायला लावलं."

भय्यासाहेबांनी पाटावरची बोटं मिटली, उघडली. "पोळी करपतेय बघ," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "राहिलीस ना. ते पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. शोभा आणि तिच्या मैत्रिणी दारातून ओरडत गेल्या, "आय ॲम गोइंग, बहनजी!" मग वर्ग रिकामा झाला. फळा पुसल्याचा आवाज आला, डस्टर जागेवर ठेवल्याचा आला. विनोदिनी मान खाली घालून वह्या तपासत राहिली. 'ये' ओठांवर तयार होतं.

पावलं दाराशी आली, थोडी थांबली आणि काही न बोलता बाहेर पडली.

विनोदिनीने मान वर केली. पुढच्या वहीत कुणीतरी चुकीचा काळ लिहिला होता. ती तो दुरुस्त करायला लागली.