तांबडीच्या नाकाचा ठसा

मेळ्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, म्हणून कमिटीला इतिहासाचा एक तंबू उभारायचा होता. जुने फोटो, जुनी पत्रकं, पहिल्या मेळ्यात कुणाचा भोपळा सगळ्यांत जड भरला, आकाशपाळणा कुठल्या साली आला, असलं सगळं. काम दिलं कुणाला, तर नोंदणी कार्यालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या अंगठेबाईला. तीस वर्षं तिनं लोकांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर उमटवले होते, म्हणून हे नाव. अक्षर सुरेख, कागद जपून हाताळते आणि वर फुकट काम करते. कमिटीनं एवढाच विचार केला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना माणूस याहून जास्त विचार करतो कुठे?

अध्यक्षांना काहीच आठवत नव्हतं. तिला सगळं आठवत होतं.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, ती अकरा वर्षांची असताना, तिच्या आईनं मेळ्यात गाय आणली होती. बाप नव्हता, जमीन नव्हती, होती ती एवढी एक तांबडी. अंगावर कुठे पांढरा ठिपका नाही, शिंगं आखूड, कास भरलेली. रिंगणाभोवतीचे लोक पहिल्या नंबराची गाय म्हणून तिच्याकडे बोट दाखवत होते. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, "बारा नंबरची गाय रोगट आहे. मालकिणीनं ती ताबडतोब बाहेर काढावी. बाकीच्यांनी आपापली जनावरं लांब घ्यावीत."

बोलणारा होता रिंगणाचा व्यवस्थापक. पंचविशीतला, गोड बोलणारा, आजचा अध्यक्ष. "वहिनी, मारून पुरावीच लागेल हो, माझाही नाइलाज आहे," असं म्हणत त्यानं हात पुढे केला आणि आईनं स्वतःच्या हातानं दावं त्याच्या हातात दिलं. लोक मायलेकींपासूनही चार पावलं मागे सरकले. त्यानंतर कुणी त्यांच्या घरचं दूध घेतलं नाही, कुणी आईला आपल्या गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. 'रोगट गाईवाली' हे नाव तिला कायमचं चिकटलं. शिवणकाम करून तिनं पोरगी वाढवली. घर मैदानाला लागून होतं, त्यामुळे दरवर्षी मेळ्याचे चार दिवस आई सगळ्या खिडक्या घट्ट लावून आत बसायची. सत्तेचाळीस वर्षांत तिनं त्या मैदानाकडे ढुंकून पाहिलं नाही.

कमिटीच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. मेळ्यात येणाऱ्या प्रत्येक गाईचं नाक पुसून, त्याला शाई लावून, कार्डावर ठसा घ्यायची जुनी पद्धत होती. गाईच्या नाकावरच्या रेषा माणसाच्या अंगठ्यासारख्याच, दोघींच्या कधी जुळत नाहीत. जनावराची अदलाबदल होऊ नये म्हणून हे ठसे घ्यायचे आणि घेऊन झाले की पेटीत टाकायचे. पुन्हा उघडून बघतंय कोण? त्या पेटीत धूळ, झुरळं आणि पंचाहत्तर वर्षांची नाकं होती.

अंगठेबाईनं आईच्या गाईचं कार्ड शोधलं. मागे लाल शाईत शेरा होता, 'रोगट. बाद.' ठशावर डाव्या नाकपुडीच्या वर एक रेष फुटून तिला तीन फाटे झाले होते. मग पुढच्या सालाचा गठ्ठा सोडला आणि सातव्या कार्डावर तिचा हात थांबला. तीच रेष, तेच तीन फाटे. भिंग काढलं, तीन वेळा ताडून पाहिलं. या कामात तिचे डोळे कधी चुकत नसत. मागे लिहिलं होतं, 'तांबडी गाय. लांबून विकत आणलेली. पहिला क्रमांक.' मालकाच्या जागी अध्यक्षांचं नाव होतं. त्यापुढच्या दोन सालांच्या गठ्ठ्यांतही तोच ठसा, तेच नाव निघालं.

गाय रोगट नव्हती. मारलीही नव्हती. ज्या बाईनं तिला ओळखलं असतं, तिला आधी लाजेनं घरात कोंडलं आणि मग तिचीच गाय ओळीनं तीन वर्षं त्याच रिंगणातून मिरवली.

अंगठेबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कार्डं घेऊन कमिटीच्या सभेत जावं, असं आधी वाटलं. पण सभा म्हणजे बंद दार, चहा, 'जाऊ द्या हो बाई, जुनी गोष्ट.' छे! आईची अब्रू भोंग्यावरून गेली होती, चारचौघांसमोर. ती परत यायची तर भोंग्यावरूनच, चारचौघांसमोर. आई चौऱ्याऐंशीची झाली होती, आता पुढच्या वर्षाची वाट बघणं परवडणारं नव्हतं.

मेळा उघडला. एका कोपऱ्यात आकाशपाळणा करकरत होता, दुसरीकडे डुकराचं वजन ओळखायची चढाओढ चालली होती, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपुढे दोन म्हाताऱ्या हमरीतुमरीवर आल्या होत्या. पण सगळ्यांत मोठी गर्दी जमली ती इतिहासाच्या तंबूत. तिथे अंगठेबाईनं नवा खेळ मांडला होता, 'जोडी जुळवा'. ज्या गाई दोन-दोन वर्षं आल्या होत्या त्यांचे ठसे ताटाएवढे मोठे करून फळ्यावर उलटसुलट टांगले होते आणि त्या-त्या ठशाचं मूळ कार्ड मागे अडकवलं होतं. बघा आणि जोड्या लावा.

"उद्‌घाटन अध्यक्षसाहेबच करतील," ती माइकवर म्हणाली. "गाईची नजर त्यांच्याइतकी कुणाला आहे?"

अध्यक्ष हरभऱ्याच्या झाडावर चढायला कधी नाही म्हणत नसत. छातीवरचा बिल्ला सारखा करून ते पुढे आले. तिनं आईच्या कार्डाचा मोठा ठसा त्यांच्या हातात दिला. "याची जोडी शोधा."

त्यांनी वेळ लावला नाही. म्हातारा लबाड होता, पण गाईंच्या बाबतीत खरोखर हुशार. तिसऱ्या ओळीतला ठसा त्यांनी काढला, दोन्ही शेजारी धरले आणि माइक तोंडाजवळ घेतला. "हे बघा मंडळी, हे तीन फाटे. जगात दुसऱ्या गाईच्या नाकावर असे सापडायचे नाहीत. ही दोन्ही नाकं एकाच गाईची. पैज लावतो!"

टाळ्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई शेजारीच होत्या. त्यांनीही निरखून मान डोलावली, "शंभर टक्के."

"मागची कार्डं वाचून दाखवा ना," अंगठेबाई म्हणाली.

अध्यक्षांनी ठसे उलटे केले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिनं माइक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वाचलं. आधी आईचं पूर्ण नाव, ठणठणीत आवाजात. मग 'रोगट, बाद'. मग पुढचं साल, अध्यक्षांचं नाव, 'पहिला क्रमांक'. घाई न करता, एकेक शब्द. वाचून झाल्यावर म्हणाली, "ही गाय मारून पुरली होती, असं आम्हाला सांगितलं होतं."

मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे, त्या दिवशी मी होतो इथे!" आणि एकच गलका झाला. लोक अध्यक्षांपासून चार पावलं मागे सरकले. तिला दया आली का? नाही आली. बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी ती घरी आली तर आई खिडकीपाशी बसलेली. सकाळी निघताना लेकीनंच ती उघडून ठेवली होती. आईनं भोंग्यावरून सगळं ऐकलं होतं, पण अब्रूबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. "म्हणजे मारली नाही तिला," एवढंच दोनदा म्हणाली. खाटकाच्या हाती आपणच दावं दिलं, हे ओझं ती इतकी वर्षं उरावर घेऊन बसली होती, हे लेकीला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात दार वाजलं. अध्यक्ष. बिल्ला नव्हता, घाम होता.

"वहिनी, उद्या सभा लावलीय कमिटीनं. माझं नाव काढून टाकणार म्हणतात. तुम्ही एक शब्द टाका, गैरसमज झाला म्हणा. या वयात माझी लाज..."

आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दूध किती द्यायची रे?"

"अं?"

"तांबडी. तुझ्याकडे किती द्यायची?"

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. कसाही असला तरी शेवटी गोठ्यात वाढलेला माणूस. "दोन्ही वेळचं बावीस लिटर, वहिनी! अख्ख्या मेळ्यात तशी गाय नव्हती."

"माझ्याकडे सव्वीस द्यायची," आई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

कडी घालून ती तशीच दाराला टेकून उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज शाबूत होता.

"उपाशी ठेवली मेल्यानं. उद्या मला त्या सभेला घेऊन चल. पहिल्या रांगेत बसव, मला त्याचं तोंड नीट दिसलं पाहिजे."